गोदामातली पदे आणि रोजची परिभाषा : नव्याने नोकरी धरणाऱ्यांसाठी

भिवंडीच्या माणकोली नाक्यावर किंवा पडघ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भरतीचे जे फलक लागतात, त्यांवर ‘वेअरहाऊस असोसिएट’, ‘ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’, ‘पिकर-पॅकर’, ‘इनवर्ड सुपरवायझर’ अशी पदे लिहिलेली असतात आणि खाली पगाराचा आकडा असतो. काम नेमके काय करायचे, हे मात्र क्वचितच कळते. ‘एक्झिक्युटिव्ह’ हा शब्द वाचून टेबलावरचे काम असेल अशा समजुतीने आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी गाडीजवळ उभे राहून खोके मोजावे लागतात, तर ‘हेल्पर’ म्हणून लागलेली एखादी हुशार मुलगी वर्षभरात संगणकावर साठ्याच्या नोंदी करू लागते आणि तिचे पद कागदोपत्री हेल्परच राहते. या क्षेत्रात पदाच्या नावाचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. म्हणून नोकरी धरताना नावावर विसंबू नये. माल गोदामात येऊन बाहेर पडेपर्यंतच्या कोणत्या टप्प्यावर आपल्याला उभे राहायचे आहे आणि कोणत्या कागदावर आपली सही लागणार आहे, या दोन गोष्टी समजल्या की हुद्दा आपोआप समजतो. पुढची माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

गोदाम कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी पाहावे

मुंबईत जकात होती त्या काळात शहराकडे येणारा माल महापालिकेच्या हद्दीबाहेर उतरवून ठेवणे आणि लागेल तसा आत नेणे व्यापाऱ्यांना सोयीचे पडत असे. नाशिक महामार्ग आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे रस्ते हाताशी असल्यामुळे भिवंडी तालुक्यातल्या राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, माणकोली अशा गावांच्या जमिनींवर गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात गेली. तरी गोदामे गेली नाहीत. उलट केवळ करासाठी राज्याराज्यांत ठेवलेली लहान गोदामे बंद करून एकाच ठिकाणी मोठे, उंच छताचे गोदाम घेण्याकडे कंपन्यांचा कल वाढला. त्यामुळे आज इथे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी दिसतात. एक म्हणजे जुन्या कंपाऊंडमधला गाळा, जिथे माल जमिनीवर थप्पी लावून ठेवतात, एकच माणूस माल उतरवून घेतो, लिहितो आणि पाठवतोही. दुसरे म्हणजे रॅकचे गोदाम, जिथे प्रत्येक टप्प्याला वेगळा माणूस, वेगळी स्क्रीन आणि वेगळे पद असते.

गाळ्यातला ‘स्टोअरकीपर’ आणि मोठ्या गोदामातला ‘इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्ह’ यांच्या कामात बरेच साम्य असले, तरी पहिल्याला सगळेच पाहावे लागते आणि दुसऱ्याला एकच गोष्ट खोलवर पाहावी लागते. शिकण्याच्या दृष्टीने पहिली दोन वर्षे गाळ्यात काढलेली चांगली, असे माझे मत आहे. पगार थोडा कमी मिळतो, पण मालाचा सगळा प्रवास डोळ्यांखालून जातो.

जाहिरातीत गोदामासाठी येणारे शब्दही ओळखून ठेवावेत. ‘फुलफिलमेंट सेंटर’मधून ग्राहकाची एकेक ऑर्डर थेट घरी जाते, तर ‘डिस्ट्रिब्यूशन सेंटर’मधून दुकानांना आणि वितरकांना खोक्यांनी माल जातो. ‘सॉर्ट सेंटर’मध्ये माल साठवत नाहीत, आलेली पार्सले गावानुसार वेगळी करून काही तासांत पुढे पाठवतात. ‘डार्क स्टोअर’ म्हणजे शहरातल्या वस्तीतले छोटे गोदाम, जिथून काही मिनिटांत किराणा पोहोचवतात. बंदराजवळ उरण, पनवेल या भागात ‘सीएफएस’ भेटते. तिथे कंटेनर उघडून आयात-निर्यातीचा माल उतरवला-भरला जातो आणि सीमाशुल्क खात्याची तपासणी होते. ‘बॉन्डेड’ गोदामात सीमाशुल्क न भरलेला आयात माल ठेवतात, म्हणून तिथे परवानगीशिवाय खोका हलवणेही गुन्हा ठरू शकते. शेतमालाच्या गोदामांची परिभाषा आणखी वेगळी आहे: राज्य वखार महामंडळाच्या गोदामात धान्य ठेवल्यावर मिळणारी वखार पावती बँकेकडे तारण ठेवता येते, त्यामुळे तिथल्या गोदामपालाच्या सहीला पैशाचे मोल असते.

गाडी लागल्यापासून माल जमा होईपर्यंत

या टप्प्याला सगळीकडे ‘इनवर्ड’ म्हणतात. नवशिक्याने सर्वांत आधी हाच टप्पा नीट समजून घ्यावा, कारण गोदामातले बहुतेक वाद इथे झालेल्या चुकांतून निघतात.

गाडी फाटकावर आली की सुरक्षारक्षक गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव आणि वेळ नोंदवून गेट एंट्री करतो. मग गाडी ‘डॉक’ला लागते. डॉक म्हणजे ट्रकच्या फळीच्या उंचीचा ओटा. ओटा आणि गाडी यांतले अंतर भरून काढणारी हलती लोखंडी पट्टी म्हणजे ‘डॉक लेव्हलर’. कुठली गाडी कुठल्या डॉकला आणि कधी लावायची, हे ठरवणारा माणूस ‘डॉक सुपरवायझर’ किंवा ‘डॉक इन-चार्ज’ असतो. बंद गाडीचे सील तोडण्यापूर्वी त्यावरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहणे हे त्याचे काम आहे, आणि जुळत नसेल तर गाडी उघडू न देणे हा त्याचा अधिकार आहे.

गाडीबरोबर साधारणपणे तीन कागद येतात. ‘इन्व्हॉइस’वर मालाची किंमत आणि संख्या असते. ‘एलआर’, म्हणजे वाहतूकदाराची पावती, हिला जुने लोक बिल्टी म्हणतात. तिच्यावर किती नग गाडीत चढवले ते लिहिलेले असते. तिसरे म्हणजे ‘ई-वे बिल’. ते माल ५०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा असेल तर परराज्यातून येताना आवश्यक असते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपये आहे.

आता प्रत्यक्ष मोजणी. समजा, इन्व्हॉइसवर १२० खोके आहेत. गाडी खाली होत असताना ‘टॅली क्लार्क’ हातात पुठ्ठा घेऊन उभा असतो. प्रत्येक खोका खाली आला की एक उभी रेघ, पाचव्याला चार रेघांवरून आडवी रेघ, अशी टॅली शीट भरत जाते. मोजताना कोणाशी बोलायचे नाही आणि इन्व्हॉइसवरचा आकडा पाहून मोजायचे नाही, हा या कामाचा पहिला नियम. गाडी रिकामी झाली आणि शीटवर ११८ आले. त्यांतल्या तीन खोक्यांचे तळ भिजलेले आहेत. इथून शब्द बदलतात: दोन खोके ‘शॉर्ट’, तीन ‘डॅमेज’ आणि ११५ ‘ओके’. भिजलेल्या खोक्यांचे फोटो काढतात, ते वेगळ्या जागी ठेवतात आणि संगणकात त्यांना ‘होल्ड’ लावतात, म्हणजे ते साठ्यात दिसतात, पण विक्रीसाठी निघू शकत नाहीत. क्यूसीचा, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा माणूस ते उघडून पाहून निर्णय देईपर्यंत होल्ड उठत नाही.

यानंतरची गोष्ट काळजीपूर्वक वाचावी. चालक निघण्यापूर्वी एलआरच्या प्रतीवर ‘२ खोके कमी, ३ खोके भिजलेले’ असा शेरा लिहून, तारीख आणि वेळ घालून, त्याखाली चालकाची सही घेतली पाहिजे. असा शेरा नसेल आणि गोदामाच्या माणसाने एलआरवर नुसती सही-शिक्का केला, तर माल पूर्ण आणि सुस्थितीत मिळाला असे धरले जाते, आणि नंतर वाहतूकदाराकडे किंवा विमा कंपनीकडे दावा मांडताना हात बांधले जातात. शेवटी ‘जीआरएन’ तयार होतो, म्हणजे माल जमा झाल्याची अधिकृत नोंद. आपल्या उदाहरणात तो १२० चा होणार नाही, ११८ चाच होईल आणि त्यात तीन डॅमेज दिसतील. ज्याच्या लॉगिनमधून जीआरएन निघतो तो ‘इनवर्ड एक्झिक्युटिव्ह’. पुरवठादाराचे पैसे या नोंदीवरून निघतात, म्हणून घाईत, ‘नंतर बघू’ म्हणून पूर्ण संख्येचा जीआरएन करायला कोणी सांगितले तरी करू नये. लॉगिन आपले असते. उत्तरही आपल्यालाच द्यावे लागते.

रॅक, लोकेशन आणि यंत्रे

जमा झालेला माल जागेवर नेऊन ठेवणे म्हणजे ‘पुटअवे’. रॅकच्या दोन रांगांमधली वाट म्हणजे ‘आइल’, रॅकचा एक उभा भाग म्हणजे ‘बे’, त्यातला मजला म्हणजे ‘लेव्हल’ आणि माल ठेवायचा नेमका कप्पा म्हणजे ‘बिन’. ‘सी-०७-०३-२’ असा पत्ता दिसला की बहुधा सी आइल, सातवा बे, तिसरा लेव्हल आणि दुसरा बिन असे वाचायचे. क्रम गोदामानुसार बदलू शकतो, म्हणून पहिल्या दिवशीच विचारून घ्यावा. माल ठेवून लोकेशन स्कॅन केले नाही, तर तो गोदामात असूनही हरवलेला असतो.

‘एसकेयू’, म्हणजे साठ्यात वेगळी मोजली जाणारी प्रत्येक वस्तू, हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर पडतो. एका शर्टाचे तीन रंग आणि चार मापे असतील तर ते बारा एसकेयू झाले. प्रत्येकाचा साठा वेगळा मोजला जातो. एसकेयूचा कोड कंपनी स्वतः ठरवते, तर पाकिटावर छापलेला तेरा अंकी बारकोड सगळीकडे एकच असतो. त्याची सुरुवात ८९० ने असेल तर तो भारतातल्या नोंदणी संस्थेकडून घेतलेला असतो. वस्तू भारतातच बनली आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

माल कोणत्या क्रमाने बाहेर काढायचा, याचे दोन नियम पाठ असावेत. ‘फिफो’ म्हणजे आधी आलेला माल आधी बाहेर. ‘फेफो’ म्हणजे ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर. औषधे आणि खाद्यपदार्थ यांत फेफो पाळतात, कारण आज आलेल्या बॅचची मुदत मागच्या महिन्यात आलेल्या बॅचच्या आधी संपत असू शकते.

यंत्रांना एकत्रितपणे ‘एमएचई’ म्हणतात. ‘पॅलेट’ म्हणजे ज्यावर खोके रचून एकत्र उचलतात ती सपाट चौकट. ती हाताने ओढायचा तो ‘हँड पॅलेट ट्रक’, बॅटरीवर चालणारा ‘बीओपीटी’, पॅलेट उचलून वर ठेवणारा ‘स्टॅकर’, मागे भारी वजन असलेला नेहमीचा ‘फोर्कलिफ्ट’ आणि अरुंद आइलमध्ये फिरून उंच लेव्हलवर माल ठेवणारा ‘रीच ट्रक’. हे सगळे एकच काम नाही. नुसते ‘एमएचई ऑपरेटर पाहिजे’ असे लिहिले असेल तर कोणते यंत्र, हे विचारावे. रीच ट्रक चालवणाऱ्याला सहसा जास्त पगार मिळतो, कारण आठ-दहा मीटर उंचीवर पॅलेट नेमका बसवणे सरावाशिवाय जमत नाही. प्रशिक्षण आणि कंपनीचे लेखी अधिकारपत्र नसताना, कोणी कितीही आग्रह केला तरी यंत्राला हात लावू नये. ऑपरेटर जेवायला गेला असताना हेल्परने चालवलेला फोर्कलिफ्ट हे अपघाताचे नेहमीचे कारण आहे.

ऑर्डर निघते तेव्हा

‘आउटवर्ड’ची सुरुवात ‘पिकलिस्ट’ने होते. कोणत्या लोकेशनवरून कोणता एसकेयू किती नग उचलायचा, याची ती यादी. ती कागदावर असते किंवा ‘एचएचटी’वर, म्हणजे हातातल्या स्कॅनरवर येते. ती घेऊन चालणारा तो ‘पिकर’. यादीप्रमाणे माल जागेवर सापडला नाही तर त्याला ‘शॉर्ट पिक’ म्हणतात. अशा वेळी शेजारच्या बिनमधला तसाच दिसणारा नग उचलायचा नसतो, शॉर्ट पिक नोंदवायचे असते. पिकरच्या कामात तासाला अमुक नग असे ‘टार्गेट’ असते आणि दिवसभर चालणे असते. मुलाखतीत हे टार्गेट किती आणि नव्या माणसाला ते गाठायला किती दिवस देतात, हे जरूर विचारावे.

‘पॅकर’ माल ऑर्डरशी ताडून, योग्य मापाच्या खोक्यात भरून, त्यावर लेबल लावतो. त्यापुढे ‘सॉर्टर’ पिनकोडप्रमाणे पार्सले वेगळी करतो. पिनकोडचा पहिला अंक टपाल खात्याचा विभाग दाखवतो, आणि ४ या अंकात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड येतात. चांगले सॉर्टर पहिल्या तीन अंकांवरून जिल्हा ओळखतात. ‘डिस्पॅच एक्झिक्युटिव्ह’ गाडीत काय चढले याची यादी, म्हणजे ‘मॅनिफेस्ट’ बनवतो, ई-वे बिलाच्या दुसऱ्या भागात गाडीचा क्रमांक भरतो आणि गेटपास देतो. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घातला तर तो क्रमांक बदलावा लागतो, हे न कळल्यामुळे गाड्या रस्त्यात अडकतात. माल पोहोचल्यावर ग्राहकाच्या सहीची परत आलेली प्रत म्हणजे ‘पीओडी’. ती आल्याशिवाय वाहतूकदाराचे बिल सहसा निघत नाही.

न स्वीकारलेला माल परत आला की त्याला ‘आरटीओ’ म्हणतात. परिवहन कार्यालयाशी त्याचा संबंध नाही; पाठवणाऱ्याकडे परत, इतकाच त्याचा अर्थ. ग्राहकाने वापरून परत केलेला माल वेगळा असतो, आणि या दोन्हींची तपासणी ‘रिटर्न्स’ विभागात होते.

साठ्याचा हिशेब

‘इन्व्हेंटरी’ विभागाचे काम एका वाक्यात सांगता येते: संगणकातला साठा आणि जमिनीवरचा साठा एक ठेवणे. प्रत्यक्षात ते फार चिकाटीचे काम आहे. वर्षातून एकदा गोदाम थांबवून केलेली मोजणी ‘स्टॉक टेक’; रोज थोडी थोडी लोकेशन्स मोजत राहणे ‘सायकल काउंट’. फरक निघाला तर तो ‘व्हेरिअन्स’, आणि त्याचे कारण शोधणे हे खरे कौशल्य. शेजारच्या बिनमध्ये ठेवलेला माल, जीआरएनमधली चूक, होल्डमधून परस्पर उचललेला नग, एकाऐवजी दोन पाठवलेली वस्तू, अशी ठरावीक कारणे असतात आणि अनुभवी ‘इन्व्हेंटरी कंट्रोलर’ आकडा पाहूनच कुठे शोधायचे ते ओळखतो. खोक्यात २४ नग येतात आणि फरकही नेमका २४ चा आहे, तर चोरीच्या संशयाआधी एखादा खोका भलत्या जागी गेला आहे का, हे पाहावे. गणिताची आणि नीटनेटकेपणाची आवड असलेल्यांनी या विभागाकडे वळावे. इथून पुढे जाण्याची वाट चांगली आहे, असे मला मनापासून वाटते.

हुद्द्यांची उतरंड आणि माथाडी

मोठ्या गोदामात क्रम साधारण असा असतो. हेल्पर, लोडर, पिकर, पॅकर यांना मिळून ‘असोसिएट’ म्हणतात. त्यांच्या वर ‘टीम लीडर’, जो स्वतःही काम करतो आणि आठ-दहा जणांची हजेरी व टार्गेट सांभाळतो. ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे बहुतेक ठिकाणी नोंदी आणि कागद पाहणारा कर्मचारी. त्याच्या हाताखाली कोणी असेलच असे नाही. ‘सुपरवायझर’ एका विभागाचा, ‘शिफ्ट इन-चार्ज’ एका पाळीचा आणि ‘वेअरहाऊस मॅनेजर’ सगळ्या गोदामाचा जबाबदार असतो.

माथाडी कामगार या उतरंडीत बसत नाहीत, आणि नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या महाराष्ट्राच्या माथाडी कायद्याने हमाली करणाऱ्या कामगारांची नोंदणी माथाडी मंडळाकडे होते. ते टोळीने काम करतात, टोळीचा मुकादम असतो. मालक त्यांची मजुरी आणि त्यावरची ‘लेव्ही’ मंडळाकडे भरतो, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांसारखे लाभ मिळतात. माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीला ‘वाराई’ म्हणतात. सुपरवायझर म्हणून लागलेल्या तरुणाने हे ध्यानात ठेवावे की टोळीशी बोलणे मुकादमामार्फत करायचे असते आणि दर आधी ठरलेले असतात. वयाने मोठ्या मुकादमाला नावापुढे ‘भाऊ’ किंवा ‘मामा’ लावून हाक मारणारा नवा सुपरवायझर आणि त्याला हुकूम सोडणारा सुपरवायझर यांच्या गाड्या किती वेळात खाली होतात, यात फरक पडतो.

पगाराआधी नोकरी कोणाची, हे विचारावे

गोदामावर ज्या कंपनीची पाटी असते, तीच तुम्हाला नेमते असे नसते. मालाची मालक एक कंपनी, गोदाम चालवणारी दुसरी, जिला ‘थ्री-पीएल’ म्हणतात, आणि माणसे पुरवणारा ठेकेदार तिसरा, अशी रचना सर्रास असते. ‘ऑन रोल’ म्हणजे गोदाम चालवणाऱ्या कंपनीच्या पटावर. ‘ऑफ रोल’ किंवा ‘थर्ड पार्टी’ म्हणजे ठेकेदाराच्या पटावर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहावे, म्हणजे हा प्रश्न सुटतो.

‘सीटीसी’, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च, आणि ‘इन हँड’, म्हणजे कपात होऊन हातात पडणारा पगार, यांतला फरकही तिथेच विचारून घ्यावा. भविष्यनिर्वाह निधीत मूळ वेतन व महागाई भत्त्यावर सहसा १२ टक्के कामगाराचे कापले जातात आणि मालकाचाही तेवढाच वाटा असतो. कामगार राज्य विम्यासाठी (ईएसआय), वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर, कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात. निधीचा बारा अंकी ‘यूएएन’ क्रमांक एकदा मिळाला की ठेकेदार बदलला तरी तोच राहतो. प्रत्येक वेळी नवा क्रमांक काढून देणाऱ्याला आधीचा दाखवावा आणि तोच चालू ठेवायला सांगावे. ‘ओटी’, म्हणजे जादा वेळ, नेहमीच्या दराच्या दुपटीने मिळायला हवा. दिवाळीच्या हंगामात पाळ्या लांबतात, म्हणून आपल्या तासांची नोंद स्वतःच्या वहीतही ठेवावी.

अर्जात काय लिहावे

अर्जात नुसते ‘वेअरहाऊस एक्झिक्युटिव्ह, दोन वर्षे’ असे लिहून वाचणाऱ्याला काही कळत नाही. ‘इनवर्ड विभागात जीआरएन करत होतो, रोज सुमारे इतक्या गाड्या, औषधांचे गोदाम, फेफोनुसार पुटअवे’ असे लिहिल्यास मुलाखत घेणारा लगेच पुढचा प्रश्न विचारू शकतो. वापरलेल्या ‘डब्ल्यूएमएस’चे, म्हणजे गोदामाच्या संगणकप्रणालीचे नाव लिहावे, नुसती स्कॅनिंगसाठी वापरली की त्यात नोंदी दुरुस्त करण्याचा अधिकार होता, हेही लिहावे, कारण या दोन अनुभवांत मोठे अंतर आहे. चालवलेल्या यंत्राचा प्रकार आणि त्याची उचलण्याची क्षमता लिहावी. नोकरी सोडताना अनुभवपत्रात केवळ पदाचे नाव न घेता विभाग, कामाचे स्वरूप आणि रुजू झाल्यापासून सोडेपर्यंतच्या तारखा घालून मागाव्यात. ठेकेदाराच्या पटावर असाल तर पत्र त्याच्याकडूनच मिळेल; त्यात प्रत्यक्ष काम कोणत्या गोदामात केले, त्या जागेचा उल्लेख करायला सांगावा आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या त्याच दिवशी मागून घ्याव्यात.